साळूबाईचा अंगठा

ता. माण,
१४ मे १९९६

प्रिय संयोगिता,

तुझं पत्र आणि सोबतचा तुझ्या संस्थेचा तक्ता येऊन पंधरा दिवस झाले. गावाच्या शांतता समितीत महिला किती, सभांना हजर किती, एवढंच भरून पाठवायचं होतं. त्याला पंधरा दिवस कसले लागतात, म्हणून तू तिकडे सांगलीत चरफडत असशील. होस्टेलवर माझी वेणी घालून होईपर्यंतसुद्धा तुला दम निघायचा नाही.

गेल्या वर्षी चीनमधल्या महिला परिषदेत आपल्या देशानं बायकांना बरोबरीनं घ्यायचा शब्द दिला, तेव्हा केवढी हरखली होतीस तू! तूच खटपट करून माझं आणि साळूबाईचं नाव समितीत घालायला लावलंस. बरोबरीनं कसं घेतात ते ऐक आता. सभा आमच्या शाळेत भरते. फौजदार आले की आम्ही दोघींनी ओवाळायचं आणि चहा करायला मागच्या वर्गात जायचं. स्टोव्ह पेटेपर्यंत सभा निम्मी होते. शेवटी वही मागे येते. मी सही करते, साळूबाई अंगठा उठवायची. इतिवृत्त आमचे हे लिहितात, हेडमास्तर ना, अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं. पहिल्या सभेनंतर मी कुरकुरले, तर म्हणाले, नाव लागलंय ना, मग झालं तर. पुढच्या सभेला मी पुन्हा स्टोव्ह पेटवला. उगाच कशाला, म्हणायची सवय अंगात मुरलेली.

साळूबाई मेंढरं राखायची. साठीची, विधवा, अक्षरशत्रू. पण गावात कुणाच्या मनात काय शिजतंय ते तिला आधी कळायचं. जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, यावरून इथं दोन भावक्यांत जुनं वैर आहे. पुरुष मुंबईला कामाला, जत्रेलाच काय ते गावी येतात, म्हणून एरवी वर्षभर सगळं निवांत. चैत्रातल्या सभेआधी तिनं मला व्हरांड्यात गाठलं. "बाई, आमच्या ज्ञानूनं कडब्याच्या गंजीत कुऱ्हाडी लपवल्यात. त्या भावकीतबी तेच चाललंय. माझाच ल्योक हाय, म्या चारचौघांत कसं बोलू? तुमी सांगा. पोलीस आलं तर वाचतील समदी." पोटच्या पोराविरुद्ध बोलायला केवढं काळीज लागलं असेल तिला!

मी ओवाळलं. चहा केला. दोनदा दारापर्यंत गेले. आत हसणं चाललं होतं, फौजदारांना निघायची घाई होती. मी कपबश्या न्यायला आले असं वाटून ह्यांनी हातानंच थांब म्हटलं. मी थांबले. मग वही आली. 'महिला सदस्यांच्या सांगण्यानुसार गावात पूर्ण शांतता आहे.' मी ते वाचलं आणि सही केली.

जत्रेला बंदोबस्ताला एकच शिपाई आला. पालखी उठताना कुऱ्हाडी निघाल्या. साळूबाई मध्ये शिरली. घाव ज्ञानूवर होता, तो तिनं घेतला. दहिवडीच्या दवाखान्यापर्यंतही ती पोचली नाही.

काल चौकशीला साहेब आले होते. आधी काही कानावर आलं होतं का, म्हणून विचारलं. हे शेजारीच उभे होते. मी नाही म्हणाले. ह्यांची नोकरी, माझी नोकरी, आणि खरं सांगायचं तर माझा भित्रेपणा.

एक गोष्ट ह्यांनाही ठाऊक नाही. त्या दिवशी अंगठा उठवायच्या आधी साळूबाईनं विचारलं होतं, "बाई, घातलंसा न्हवं त्यात समदं?" मी हो म्हणाले. तिनं अंगठा उठवला, शाई केसांना पुसली आणि निर्धास्त घरी गेली. आता पोलीस येणार, या भरवशावर ती जत्रेपर्यंत जगली. तुझ्या तक्त्यात आमच्या गावापुढे दोन लिहू नकोस, शून्य लिही. आणि हे पत्र माझा जबाब समजून पाहिजे त्या साहेबापुढे ठेव. त्यातून काही होईल अशी आशा मला नाही. पण त्या वहीत साळूबाईनं सांगितलेलं आहे, असं मी तिला म्हणाले होते. ते कुठेतरी लिहिलेलं असू दे.

तुझीच,
विजयमाला अनंत पोळ