कपाळावरचे चार चौकोन

मांजर्ली, बदलापूर
मार्गशीर्षातला गुरुवार, १९९३

चि. सौ. अंजनीस ताईचे पोटभर आशीर्वाद.

दत्तकृपेने इकडे सगळे हिंडते-फिरते आहेत. तुझी कंबर कशी आहे ते खरं कळव (मागे ‘बरी आहे’ असं तू अंथरुणातून लिहिलं होतंस, मला नंतर कळलं). तुझ्या यजमानांना नमस्कार. पत्र पोस्टात टाकत नाही. पापडी विकायला उल्हासनगरला येणाऱ्या मोतीबाईच्या हाती देते आहे, कारण काम घाईचं आहे. पाकीट खळीने दोनदा चिकटवणार आहे. उघडलेलं दिसलं तर तिला काही बोलू नकोस, मला कळव. आत लाल कापड आहे ते सांडू नकोस. येत्या रविवारी आमच्या वन्संच्या घरी बारशाला चारचौघांत माझं तोंड काळं व्हायचं नसेल, तर ते तुझ्याच हातात आहे.

झालं असं, की वन्संचा भगवंत (शाळेला असताना आमच्याकडे राहून शिकला तोच) आता अंबरनाथला कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवतो. त्याच्या मुलाचं हे बारसं. महिन्यापूर्वी, बाळ व्हायचं होतं तेव्हाच, तो कडेला भोकं असलेला एक लांबलचक कागद घेऊन आला. कागदभर बारीक चौकोन आणि प्रत्येकात आकडा. एक म्हणजे पांढरा, दोन बिस्किटी, तीन काळा, चार लाल. म्हणाला, “मामी, पाळण्यातली गोधडी तुमच्याच हातची पाहिजे. आकडा बघून तुकडा लावत जा, कॉम्प्युटरवर चित्रं अशीच होतात.” कसलं चित्र, म्हणून विचारलं तर नुसता हसला. “झालं की लांबून बघा.” मी त्याला पाचवीपासून ओळखते. असा हसला की दप्तरात काहीतरी लपवलेलं असायचंच.

तरी बाळाचं काम म्हणून घेतलं. पांढऱ्याला ह्यांचे जुने लेंगे कामी आले. बाकीच्या चिंध्या तुमच्या इथल्या सिंधी शेठकडून किलोवर आणल्या. “भाभी, प्योर कॉटन है,” म्हणाला. मी दुकानातच एक दोरा काडीने जाळून बघितला. (कॉटनच निघाला, पण ती चिंधी त्याने मुद्दाम वर ठेवली असणार.) दोन-दोन बोटांचे चौकोन कापायचे, कागदावर खूण करायची आणि धावदोरा घालायचा. रोज दुपारी दिवा-बत्तीची वेळ होईस्तोवर हेच. जवळून बघावं तर काही म्हणजे काही कळेना. बदलापूर गावातल्या बनूबाईला दाखवलं, जिचा जन्म गोधड्या शिवण्यात गेला. ती म्हणाली, “बाय, ही गोधरी हाय का लादी बसवलीस?” (बनूबाई येऊन गेल्यावर शोधला, तर माझा पोस्टाच्या खात्यासाठी काढलेला फोटो कपाटात नाही. मी कुणाचं नाव घेत नाही.)

मग माझ्या ध्यानात यायला लागलं. दोन काळे ठिपके शेजारी-शेजारी, म्हणजे डोळे. आणि त्यांच्या वर मधोमध चार चौकोन लाल, अख्ख्या गोधडीत लाल म्हणून तेवढंच. हा तिसरा डोळा माणसाचा नाही, हे मी ओळखलं. भगवंतच्या घरी टीव्हीला जोडायचा खेळ आहे, त्यात चौकोनी भुतं पळताना मी स्वतः पाहिली आहेत. बारा दिवसांच्या पोराच्या अंगावर राक्षस घालायचा, आणि तोही माझ्या हातून. मी देवाला हात जोडले आणि लालच्या जागी चार काळे लावले. तीट म्हणून.

काल धुऊन गॅलरीत वाळत घातली. समोरच्या घरातले विष्णुपंत ओरडले, “वहिनी, हुबेहूब हो, हुबेहूब!” तशीच पदर खोचून त्यांच्या गॅलरीत गेले आणि वळून बघितलं. अंजनी, बाई होती गं. नाक फुगलेलं, ओठ आवळलेले, आणि डोळे असे, की जणू समोरच्याने वाटीभर साखर चोरली आहे. डिट्टो आमच्या वन्सं. नातवाच्या गोधडीवर आजी, हीच ती गंमत. आणि तो राक्षसाचा डोळा नव्हता, ते कुंकू होतं. वन्संचे यजमान धडधाकट असताना मी त्यांच्या कपाळाला काळं फासून ठेवलंय.

धावत परत आले तर दोरी मोकळी. भगवंत येऊन गेला होता आणि ह्यांनी गोधडी जुन्या चादरीत बांधून त्याच्या हाती दिली होती. “तुम्ही चित्र बघितलंत?” विचारलं तर म्हणतात, “बघितलं. ओळखीचं वाटलं.” पुढे पेपर वाचायला लागले. माझं पारायण चालू आहे, रविवारी संपेपर्यंत मला वेस ओलांडता येत नाही. तेव्हा तू कामाला मदत म्हणून तुझ्या घरासमोरच वन्संकडे जा, गठडं मिळव आणि काळ्यावर लाल टाचून टाक. वन्संनी तोंड उघडायच्या आत हे झालं पाहिजे. नाहीतर जन्मभर ऐकावं लागेल.

तुझी ताई,
सरस्वती

ता. क. लाल कापड माझ्या लग्नातल्या शालूच्या काठाचं आहे. उरलं तर परत पाठव.

ता. क. २. पाकीट चिकटवायला खळ करत होते तेवढ्यात ह्यांनी पत्र वाचलं (वाचतात, हा माझा संशय खराच होता). म्हणाले, “ती माझी बहीण नाही. भगवंत तुझा पोस्टाचा फोटो घेऊन गेला होता, मीच दिला. त्याला पोराच्या अंगावर मामी पाहिजे होती.” बनूबाईबद्दल लिहिलंय ते खोडायला जागा नाही, वाचू नकोस.

ता. क. ३. म्हणजे ते काळं मी माझ्याच कपाळाला लावलंय, आणि हे समोर बसून चहा पितायत. अंजनी, रविवारची वाट बघू नकोस, पत्र मिळाल्याबरोबर ऊठ. दोरा दुहेरी घे. तुझी कंबर दुखत असेल तर बसून टाच, पण टाच.

आणि नाक खरंच तेवढं आहे का, ते कळव.