ढब्बू, बर्फी, चिंगी अन् तुझी ओढणी

अपर्णा,

ससे दिसले न्हाईत म्हणून घाबरू नको. ढब्बूची नसबंदी आज नांदेडला करायची ठरली, म्हणून मी पहिल्या गाडीनं निघाले. तुला मुद्दामच उठवलं न्हाई. तू आली असतीस तर तिघंही तुझ्याच मांडीवर बसली असती, अन् मी काय रिकामी टोपली धरून बसायचं होतं?

ऑपरेशन एकट्या ढब्बूचं आहे, पण बर्फी अन् चिंगीलाही सोबत नेलं. मागं बर्फीला एकटीला दवाखान्यात नेलं, तर ती औषधाचा वास घेऊन आली अन् चिंगीनं तिला ओळखलंच न्हाई, चावून कान फाडला तिचा. तू तेव्हा या घरात नव्हतीस.

मुकुल भावजींकडून पिंजऱ्यात मधोमध जाळी लावून घे. ऑपरेशननंतरबी महिनाभर पिल्लं होऊ शकतात, म्हणून ढब्बू तेवढे दिवस जाळीपलीकडं राहील, म्हणजे पिल्लं होणार न्हाईत अन् तिघं एकमेकांना विसरणारबी न्हाईत. त्यांचं बसायचं पोतं धुवू नको. तुला दिसेल ते धुवायची सवय आहे. माझा वास तर केव्हाच गेला, त्यांचा तरी राहू दे.

आत्याबाईंना चहा दे. आता धाकट्या सुनेच्याच हातचा लागतो त्यांना.

अन् हो, तुझी निळी ओढणी दोरीवरून घेतली. टोपलीत आधी माझी जुनी साडी अंथरली होती, तर तिघं कोपऱ्यात अंग चोरून बसली. ओढणी टाकली अन् लगेच पाय पसरले. आत्याबाईंनी विचारलं तर तिघं माझ्या साडीवर बसून गेली म्हण.

– विजया