दोन्ही टोकांना काजळी

बा, आपल्या नर्मदाकाठच्या घराचा मधला खांब मी शहाद्याच्या एका हॉलमध्ये उभा केला. स्कॉटलंडची एक चित्रकार बाई आली होती. तिच्या लोकांची बोली गेलिक. मेंढ्यांना रान हवं म्हणून जमीनदारांनी त्यांना पूर्वी गावांतून हुसकावलं. परत येऊ नयेत म्हणून कुठेकुठे छपरं जाळली. तिकडे लाकूड दुर्मीळ, म्हणून ज्यांना जमलं त्यांनी छपराचे वासे खांद्यावर घेतले. ती ते वासे कोळशाने कापडावर काढते, पुऱ्या लांबीचे. "आमच्या घराचा एकही उरला नाही," ती म्हणाली. दुभाषी म्हणून आलेल्या मास्तरांनी ते मराठीत सांगितलं. मी म्हटलं, आमचा आहे.

मला अजून दिसतं, धरणाचं पाणी चढण्याआधी आपण घर उतरवतोय. प्रत्येक खांबाच्या बुंध्याला तू कोयत्याने खाच पाडतोस. "झाड उभं होतं तसंच उभं राहायला हवं." तू कौलांच्या दुसऱ्या खेपेला गेलास आणि इथे पुनर्वसनाच्या वसाहतीत मधला खांब मी रोवला. बुंध्याला वाळवी लागलेली, म्हणून घट्ट शेंडाच जमिनीत घातला. मला ती हुशारी वाटली. शेजारी हसले, "घराला डोक्यावर उभं केलंस की." तू खांबावरून हात फिरवलास, एवढंच म्हणालास, "उद्या काढू." त्याच आठवड्यात तुला ताप भरला, त्यातून तू उठला नाहीस. खांब तसाच राहिला, सिमेंटचं घर होईपर्यंत.

सुतारकी मला कोणी शिकवली नाही. तरी बोटभर फरकासाठी मी दुसऱ्याचं काम उकलायला लावतो. हॉलमध्ये बुंधा खाली ठेवून तीनदा ओळंबा धरला. तिथला वॉचमन म्हणाला, "मिस्तरी, खांब उभा करी ऱ्हायनात का त्याले लगीनले उभा करी ऱ्हायनात?" सगळे हसले, मीही.

बाईने मात्र कोळशाचे हात पुसत विचारलं, धूर वर जातो, मग काजळी दोन्ही टोकांना कशी? हॉल भरलेला होता. शहाद्याचे दोन मिस्तरीही होते. मी म्हणालो, "नव्या घरात वडिलांनी घाईत उलटा लावला होता."

मास्तरांनी ते इंग्रजीत सांगितलं. तिने ते कापडावर, खांबाच्या चित्राखाली लिहून घेतलं. कापड आता तिच्या देशात गेलं.

मास्तरांनी तिचा पत्ता दिलाय. तिलाच लिहायला बसलो होतो. चार ओळी झाल्या आणि पाहतो तर सुरुवातीला 'बा' लिहिलंय. तिला काही अजून कळवलेलं नाही.