आडव्या रेघेशिवाय

३ जुलै
सर म्हणे, हा प्रश्न ठमीला माफ, गुण तसेच देऊ. ठमी घरी येऊन धुसफुसतेय. माझी लेक जन्मापासून पाहू शकत नाही, पण फुकटचं घेत नाही — बापावर गेलीय! प्रश्न असा: फलन म्हणजे आकडा आत घातला की एक आकडा बाहेर देणारा नियम; त्याला व्यस्त, म्हणजे उलटा नियम, आहे का? म्हणजे बाहेर आलेल्या आकड्यावरून आत कोणता घातला होता, ते नक्की सांगता येतं का? सर आलेख काढून आडवी रेघ मारायला लावतात. रेघेने आलेख दोनदा छेदला की व्यस्त नाही. हिला आलेख कुठून दिसणार? आणि गुण फुकट मिळाले तरी हे जमल्याशिवाय वरच्या गणिताच्या वर्गात प्रवेश नाही.

४ जुलै
दुकान लवकर बंद केलं. दाढी अर्धवट ठेवली नाही कुणाची, एवढंच. पुस्तकात दुसरी रीत सापडली. आलेख नको, रेघ नको! आत अ आणि ब घालायचे, बाहेर सारखंच आलं असं धरायचं. त्यावरून अ आणि ब एकच निघाले, तर व्यस्त आहे. मी वाचतो, ठमी डोक्यात मांडते.

७ जुलै
आज फलन होतं आकड्याचा वर्ग, आणि मी शहाणपणा केला. अचा वर्ग बरोबर बचा वर्ग — दोन्हीकडचे वर्ग उडवले, अ बरोबर ब, झालं! ठमी म्हणाली, "बाबा, आणि वजा तीन कुठे गेला?" तीनचा वर्ग नऊ, वजा तीनचाही नऊच. मग नऊवरून मागे कुणाकडे जायचं? चूक माझीच. पण काय आनंद झाला!

१५ जुलै
एका गिऱ्हाइकाने विचारलंच, केस कापतोस की शिकवणी घेतोस?

२१ जुलै
चाचणी झाली. क्षचा घन वजा क्षचा शंभरावा भाग. सगळ्यांचा आलेख नुसता वर चढला. मधला खळगा इतका बारीक, की कागदावर दिसतच नाही. सगळ्यांनी लिहिलं, व्यस्त आहे. ठमीने सांगितलं, शून्य घाला नाहीतर एक दशांश घाला, बाहेर शून्यच येतं. म्हणजे व्यस्त नाही! सरांनी स्वतः करून पाहिलं आणि तिला वरच्या वर्गात घेतलं. दुकानात येईल त्याला सांगितलं. एकाला दोनदा सांगितलं, त्याने बिचाऱ्याने ऐकून घेतलं.

२८ जुलै
सर आता फळ्यावर लिहितानाच प्रत्येक ओळ मोठ्याने वाचतात. ठमी म्हणाली, "बाबा, उद्यापासून तुम्ही वाचलं नाहीत तरी चालेल."
छाती फुगली माझी. जेवण झाल्यावर हात सवयीने पुस्तकाकडे गेला. पुढचा धडा एकट्यानेच वाचला — मोठ्याने.