पुळ्या नव्हत्या त्या, आई

आई, तू असताना तुला पत्र लिहायची कधी वेळच आली नाही. मी घाटकोपरला, तू कांदिवलीला, जरा काही झालं की मी पोर काखेला मारून तुझ्याकडे हजर. आणि एवढं येऊन-जाऊन, एवढ्या गप्पा मारून, जे बोलायचं ते राहिलंच. आज सकाळी दवाखान्यात गेले होते, आतली रिंग बदलून घ्यायला. नवीन डॉक्टरीण आहे, माझ्या लेकीहून लहान. तिने विचारलं, "काकी, पहिल्यांदा तुम्हाला कधी कळलं?" आणि मला आपली कांदिवलीची मोरी दिसायला लागली.

गिरण्यांचा संप चालू होता. बाबा दिवसभर घरात, दोन खोल्यांत मध्ये पडदा, आणि मी पहिलटकरीण तुझ्याकडे बाळंतपणाला आलेली. मुलगी चिमटा लावून काढली, टाके पडले. तू शेक दिलास, धुरी दिलीस, पोट बांधलंस, डिंकाचे लाडू केलेस, कशात म्हणून कमी केलं नाहीस. महिना होऊन गेल्यावर मीच हंडे उचलायला लागले, कारण तुझी कंबर धरायची. आणि एक दिवस मोरीत बसले आहे, तांब्याने पाणी घेते आहे, आणि हाताला काहीतरी लागतं. मऊ, ओलं, लिंबाएवढं. मी दचकून हात काढला. चार दिवस उभं राहिलं की खाली जड जड वाटत होतं, काहीतरी पडेल असं, ते हेच. मला वाटलं, वार आत राहिली होती आणि ती आता बाहेर पडतेय. मेले मी, असंच वाटलं. पोर दूधपिती, आणि मी मेले. तशीच ओली तुला हाक मारली.

तू वाकून बघितलंस आणि अजिबात घाबरली नाहीस. कुजबुजायचं असलं की तू गावच्या बोलीत शिरायचीस. "अंग इला गे तुझा," म्हणालीस. "बाईमाणसाक ह्या असताच. आडवी पड, वर जाता. आणि कोणाक सांगू नको." मी विचारलं, तुला कसं माहीत? तू तांब्या उचलून ठेवलास, मोरीच्या दांडीवरचा टॉवेल माझ्या अंगावर टाकलास आणि मग म्हणालीस, "माका असा. तुझो भाव झालो तेवापासून." भाऊ तेव्हा कॉलेजात होता, आई. म्हणजे तुझा तो घट्ट कासोटा, आतलं जाड फडकं, कपडे धुताना मध्येच भिंतीला टेकून उभं राहणं, हे सगळं आम्ही कंबरदुखी म्हणून बघत आलो होतो. बामाच्या बाटल्या आणून देत होतो तुला!

डॉक्टरकडे जायचं मीच हट्टाने ठरवलं. स्टेशनाजवळची ती गुजराती डॉक्टरीण, बिचारी मराठी बोलायची धडपड करायची. आत गेलो. पडद्यापलीकडे माणसं बाकावर बसलेली, कंपाउंडर दारात. शेवटी तू म्हणालीस, "हिचं अंग येतं." ती म्हणाली, "अंगावर येते? काय येते, पुळ्या?" तू माझ्याकडे बघितलंस. मी वजनकाट्याकडे बघत होते. "हो," तू म्हणालीस, "पुळ्याच." तिने पाठ बघितली, पाठ स्वच्छ. घामोळं असेल म्हणून गुलाबी औषधाची बाटली दिली. बाहेर आल्यावर तुला हसू फुटलं. तुझं बघून मलाही फुटलं, आणि हसता हसता ते आणखी खाली आलं. मग मी रस्त्यातच, भाजीवालीच्या टोपलीपाशी, रडायला लागले. तू पदराने माझं तोंड पुसत होतीस आणि म्हणत होतीस, लोक बघतायत गं.

पुढच्या आठवड्यात मी एकटी गेले. शब्द सुचेना, तर हातानेच खूण केली. "अरे, तर असं बोलायचं ना! तुझी आई पुळ्या बोलली!" मग तिने नीट तपासलं. वार नाही, गाठ नाही, गर्भपिशवी खाली सरकलीय. बाळंतपणात आतला आधार सैल पडतो, पुष्कळ बायकांचं होतं, लपवायचं नाही. हंडे बंद, कुंथायचं नाही, लघवी रोखल्यासारखं आत ओढायचा व्यायाम रोज. नाही जमलं तर पिशवीला आधार द्यायला आत बसवायची रिंग आहे, पुढे ऑपरेशन आहे. मी बोलून गेले की आईला पण आहे. ती म्हणाली, उद्याच घेऊन ये. तो उद्या काही आला नाही. किती विनवलं तुला, पाया पडले, भांडले, अबोला धरला. "माझं आता काय राहिलंय? एवढी वर्षं अंगावर काढलं, अजून थोडं." आणि लगेच, "बांगडे आणलेत, जेवून जा." तुला काय उचलून नेणार होते मी?

मग ताप आला आणि लघवी कोंडली, तेव्हा उचलूनच न्यावं लागलं. वॉर्डातल्या कोवळ्या डॉक्टरने चादर वर केली आणि त्याचा चेहराच बदलला. "आजी, हे कधीपासून बाहेर आहे?" तू म्हणालीस, "आजच. सकाळपासून." अगं, तेव्हासुद्धा! माझ्याकडे डोळे वटारलेस, गप बस म्हणून. मी गप बसले नाही, सगळं सांगितलं. तो म्हणाला, लघवी तुंबून तुंबून मूत्रपिंडं गेली आहेत, फार उशीर केलात. तू भिंतीकडे कूस वळवलीस, आणि मग तीन दिवस मी तिथेच बसले होते तरी माझ्याकडे वळली नाहीस.

लेकीच्या बाळंतपणात मी तिला स्पष्ट विचारलं, खाली जड वाटतं का गं? ती म्हणाली, "आई, शी! काय बोलतेस!" आता मी काय करू सांग. तिलाही उचलून नेऊ?

हा कागद काही कुठे जायचा नाही. टाकायला पेटी नाही, आणि घरात ठेवला तर कोणीतरी वाचेल, त्याचीही मला अजून लाज वाटतेच. एक सांगते, रागावू नकोस. तुझ्या फोटोला हार घालताना तू मला फारशी आठवत नाहीस. शिंक आली आणि घाईघाईने मांड्या आवळल्या, की आठवतेस.