आत्याबाईंनी पुरलेली गाठ

वरचीवाडी, ता. पाटण
२ फेब्रुवारी १९७४

चि. शालूस अ. उ. आ.

माझ्या छातीतली गाठ काल काढली. घाबरू नकोस, हे पत्र मीच बसून लिहिते आहे. भूकंपानंतर उभारलेल्या, दवाखान्याच्या पत्र्याच्या खोलीतच ऑपरेशन झालं. मधेच वीज गेली. नर्सबाईंनी बॅटरी धरली आणि डॉक्टर त्यांना हात हलवू नका म्हणून ओरडत राहिले. तू पोरींवर ओरडतेस तसंच, म्हणून गुंगीतही मला हसू आलं.

गाठ कॅन्सरची आहे का, ते इथे कळत नाही. ती औषधात घालून सांगलीला तपासायला पाठवायची. दवाखान्यात बाटली नव्हती, म्हणून घरची लोणच्याची काचेची बरणी दिली. कॅन्सर निघाला तर छातीच काढावी लागेल, तीही लगेच, असं डॉक्टर म्हणतात. धाकटे दीर आकाराम मंगळवारी बरणी घेऊन येतील, त्यांना प्रयोगशाळेत घेऊन जा. ह्यांना पलटणीत काही कळवलेलं नाही, तूही कळवू नकोस.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
मुक्ताआक्का

सांगली
५ फेब्रुवारी १९७४

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

आकारामभावोजी स्टँडवर उतरले ते तांदळाची पिशवी घेऊन. बरणी कुठे आहे विचारलं. तेव्हा सांगितलं, की तुझ्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, ती गाठ बरणीतून काढून शेताच्या बांधाला पुरली, वर नारळ फोडला आणि बरणी धुऊन परत फडताळात ठेवली. आक्का, मी पिशवी तिथेच टाकली. प्रयोगशाळेत धावत जाऊन विचारलं. तिथल्या बाई म्हणाल्या, की आता उकरून आणली तरी सडलेल्या गाठीवरून काही सांगता यायचं नाही.

ही सासू आहे की वैरीण? आता तुला कॅन्सर आहे की नाही हे कुणी सांगायचं? तू ताबडतोब इकडे निघून ये.

तुझ्या काळजीनं अर्धी झालेली,
शालू

वरचीवाडी
९ फेब्रुवारी १९७४

चि. शालूस अ. उ. आ.

हे सगळं मला तुझ्या पत्रातूनच कळलं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. बरणी सांगलीला पोचली असं धरून मी निवांत होते. आत्याबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, की सुनंचं मांस बाटलीत घालून परक्यांनी कशापायी बघायचं, मातीचं मातीत गेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले आणि मग रडत बसले. पण वैरीण म्हणू नकोस गं, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच निभावली.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. नंतर जखम दाबून बघून म्हणाले, की वीज गेली तेव्हा गाठीचा थोडा भाग आत राहिलेला दिसतो, तो सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात काढून तपासता येईल. सोमवारी येते. लेकरांकडे बघवत नाही. मला मरायचं नाही, शालू.

तुझीच,
आक्का

सांगली
४ मार्च १९७४

ती. सौ. आक्कास सा. न. वि. वि.

राहिलेला भाग काढून झाल्यावर तुला गाडीत बसवून दिलं, तेव्हापासून प्रयोगशाळेत हेलपाटे घालत होते. आज रिपोर्ट मिळाला. कॅन्सर नाही! राहिलेला भाग त्याच गाठीचा होता आणि गाठ साधीच होती, छाती काढायची गरज नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. दोनदा का, तर मी पुन्हा विचारलं म्हणून. भर रस्त्यात रडत घरी आले.

आत्याबाईंनी मात्र महिनाभर आपल्याला जिवंत जाळलं. सुट्टीत मी तिकडे आले की त्यांच्या तोंडावर सांगणार आहे, अजिबात सोडणार नाही.

आनंदानं वेडी झालेली,
शालू

वरचीवाडी
१२ मार्च १९७४

चि. शालूस अ. उ. आ.

तुझं पत्र मी आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. तुझा राग तेवढा गाळला. ऐकून झाल्यावर त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि चोळी सोडली. शालू, मी किंचाळले. डावी छाती फुटून मोठी जखम झाली आहे. दोन वर्षं ही बाई फडक्यात हळद भरून बांधते आहे, आणि एका घरात राहून मला त्याचा पत्ता नाही.

तसंच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जखम बघितली, काखेत चाचपलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की कॅन्सर फार पसरलाय, आता सांगलीला नेऊन उपयोग नाही, दुखणं कमी होईल एवढंच बघता येईल.

घरी आल्यावर विचारलं, की इतके दिवस बोलला का नाहीत. तर म्हणाल्या, की आधी त्यांना झालं आणि मग मला, म्हणून आपलंच दुखणं सुनेला लागलं असं त्यांनी मनाशी धरलं. म्हणून माझी गाठ मातीत घालून त्यांनी धरणीमातेला सांगितलं, की हे माझ्यावरच थांबव, हिची लेकरं लहान हायती. आता रिपोर्ट ऐकून त्या खूश आहेत गं! काल जेवताना मला विचारलं, की त्यांनी पुरलं म्हणूनच मी वाचले न्हवं. मी व्हय म्हणाले.

माझ्यावर तुझी माया आहेच, त्यातली थोडी त्यांच्यावर कर. तू आलीस की त्या तुलाही विचारतील. तूही व्हय म्हण.

तुझी,
आक्का