घरगाडी ब्लॉकमध्ये आहे

सोमवार, १४ जानेवारी २०१९

कालच्या नोंदीत चूक आहे. मी लिहिलं, ‘बाबांनी फ्लॅपचं काम माझ्यावर सोपवलं.’ तसं झालं नाही. बाबा म्हणाले होते की गाडी उरल्याच्या कारखान्यांकडे नेतो, भैय्यालाल मिस्त्री वीस मिनिटांत बसवून देईल. मधे बोलले ती मी. ‘मी बसवते, दोन दिवसांत,’ असं म्हणाले. खरं तर ‘दोन दिवसांत आरामात,’ असं म्हणाले. आता नोंद बरोबर झाली.

बाकीचंही काल राहून गेलं. बाबा रेल्वेतून रिटायर झाल्यावर त्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि दीड वर्ष खपून तिची घरगाडी केली. मागे पलंग, मधे ओटा, टपावर पाण्याची टाकी. शनिवारी, २ फेब्रुवारीला निघायचं. महासमुंद, बागबाहरा, खरियार रोड आणि मधली सगळी लहान स्टेशनं. तीस वर्षं बाबा रूळ दुरुस्तीला तिकडे जायचे आणि निरोप पाठवायचे की आज येणं होत नाही. जिथून जिथून असा निरोप आला, ती ठिकाणं आईला पाहायची आहेत. तिनं यादी केली आहे. चौदा नावं.

बाबांना काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, सध्या दिवसा चालवायला हरकत नाही, ५ मार्चच्या तपासणीनंतरचं सांगता येत नाही. म्हणजे भरपूर वेळ आहे.

फक्त मागचा फ्लॅप नाही. बंपरखाली लटकणारा आडवा रबराचा पट्टा. तो नसला तर चाकाखालचा खडा उडून मागच्या स्कूटरवाल्याच्या डोळ्यात जाईल. हा स्कूटरवाला मला स्पष्ट दिसतो. हेल्मेट नाही, मागे बायको बसलेली.

सकाळी ८.१० ला स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर लिहिलं: ‘घरगाडी. ब्लॉक. क्षमा.’ शेवटी माझं नाव. हा नियम बाबांनी रुळांवरून घरात आणला. रूळ उकलायचा तर आधी ब्लॉक घ्यायचा. ज्यानं घेतला त्यानंच काम पुरं करून सही करून परत द्यायचा. तोवर त्या लाइनीवरून काही जात नाही, मग साहेब येवो की मंत्री. दम्यामुळे मी चौथीपर्यंत घरीच शिकले, आईकडे. माझी गणितं ब्लॉकमध्ये असली की मी सही करेपर्यंत आई वहीला हात लावायची नाही. एकदा एक भागाकार अकरा दिवस ब्लॉकमध्ये होता.

मंगळवार, १५ जानेवारी

संक्रांत. सुट्टी. बंपरपासून जमिनीपर्यंत मोजलं: ५१ सेंटिमीटर. तीनदा मोजलं, तीनदा ५१. काम अर्धं झाल्यासारखंच आहे.

बुधवार, १६ जानेवारी

आज ४८.

संध्याकाळी पुन्हा ४८. शेवटी कळलं, विशाल आत झोपला होता आणि टाकी भरलेली होती. विशाल माझा धाकटा भाऊ, वजन ब्याऐंशी. म्हणजे रिकाम्या गाडीचं माप काही कामाचं नाही. प्रवासात जेवढं वजन असेल तेवढ्यावरच मोजायला हवं. हे वेळेवर लक्षात आलं म्हणून बरं. भैय्यालालच्या लक्षात आलं असतं का?

रविवार, २० जानेवारी

वजनासह मोजमाप. आईला ओट्याशी बसवलं, बाबांना स्टिअरिंगवर. सिलेंडर, गाद्या, टाकी, सगळं भरलं. दोघांना म्हणाले, हलू नका. आईनं तिथंच वाटाणे सोलायला घेतले. बाबा पाऊण तास स्टिअरिंग धरून बसले. मधे एकदा हॉर्न वाजवला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, लेव्हल क्रॉसिंग आलं.

माप ४४ आणि ४५ च्या मधे. वाटाणे सोलताना आई पुढे-मागे होते, त्यामुळे फरक पडतो. प्रवासात आई वाटाणे सोलणार आहे का, हे आधी ठरवायला हवं. तिला विचारलं. ती म्हणाली, ‘सांगता येत नाही माय.’

बुधवार, २३ जानेवारी

हाफ डे टाकून उरल्याला गेले. भैय्यालालच्या दुकानासमोर ट्रकांची रांग, सगळीकडे लोखंडाची काळी धूळ, इन्हेलर दोनदा. त्याला विचारलं, फ्लॅप जमिनीपासून किती वर ठेवायचा. म्हणाला, एक बित्ता. म्हणजे एक वीत. मी विचारलं, कुणाची वीत? त्यानं हात पसरून दाखवला. मी तो मोजला. साडेबावीस. मग त्याच्या कारागिराचा मोजला, वीस. दोघं आळीपाळीनं बसवतात. म्हणजे उरल्यातून निघणाऱ्या अर्ध्या ट्रकांचे फ्लॅप अडीच सेंटिमीटरनं चुकीचे आहेत आणि कुणाला त्याचं काही नाही.

भैय्यालाल म्हणाला, ‘गाड़ी ले आओ दीदी, चाय पीते-पीते हो जाएगा.’ मी त्याला ब्लॉक म्हणजे काय ते समजावलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि मला चहा दिला.

रबराची शीट आणली. साधी, काळी. संकल्प: २६ तारखेला सकाळी नऊला सुरुवात, साडेदहाला शेवट, साडेदहा ते अकरा राखीव.

शनिवार, २६ जानेवारी

नऊला सुरुवात केली. रबराला चार भोकं, लोखंडी पट्टीला चार. ड्रिल विशालच्या मित्राचं. पहिलं भोक पेन्सिलच्या खुणेपासून तीन मिलिमीटर डावीकडे गेलं. रबर दाबलं की सरकतं, हे शीट विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं. तीन मिलिमीटर म्हणजे फार नाही असं विशाल म्हणाला. तो बी.कॉम. आहे. मी ऑफिसात नकाशे तपासते.

नवीन शीट आणणार. राखीव वेळ वापरला गेला नाही.

गुरुवार, ३१ जानेवारी

शंकर नगरच्या एकाही दुकानात तेवढ्या जाडीचं रबर नाही. ऑफिसातून तीन वेळा बाहेर पडले. निघण्याचा दिवस एका आठवड्यानं पुढे न्यावा लागला. बाबांना कसं सांगू, याची चार वाक्यं लिहून काढली होती. पहिल्यावरच ते म्हणाले, ‘ब्लॉक तुझ्याकडं आहे पोरी. तू म्हणशील तेव्हा.’ उरलेली तीन वाक्यं वाया गेली.

आईनं भरलेले डबे रिकामे केले. चिवडा आम्हीच खातोय.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

नवीन शीट मिळाली, पण जुनीपेक्षा दोन मिलिमीटर जाड. बोल्ट आखूड पडणार. नऊ तारीख रद्द. सोळा नक्की. आईला सांगितलं की यादीत अजून एखादं नाव घालायचं तर घाल, वेळ आहे. ती काही बोलली नाही. तिचं ऐकू येणं तपासून घ्यायला हवं.

विशालचं म्हणणं, मला बाबांच्या डोळ्यांची भीती वाटते, बाबा गाडी चालवतील याची भीती वाटते आणि फ्लॅप नुसता बहाणा आहे. हे खोटं आहे. भीती वाटत असती तर मी ब्रेकबद्दल काही म्हटलं असतं. ब्रेकबद्दल मी एक अक्षर बोललेले नाही. घाट, ट्रक, संध्याकाळचा समोरून येणारा प्रकाश, यांतलं मी काहीच काढलेलं नाही. मी फक्त फ्लॅपबद्दल बोलते.

रविवार, १७ फेब्रुवारी

काल बोल्ट आले. ते आवळायला पाना नव्हता.

आज दुपारी विशाल मला न सांगता भैय्यालालला बाइकवर बसवून घेऊन आला. भैय्यालाल गाडीखाली शिरला, वीत लावली, खडूनं चार फुल्या मारल्या. मी ओसरीत उभी होते. तेवढ्यात बाबा बाहेर आले आणि त्याचं ड्रिल हातानं खाली केलं. म्हणाले, ‘नाही भैय्यालाल. ब्लॉक तिच्या नावाचा आहे. चालू कामावर दुसरा माणूस घुसला की माणसं मरतात.’

विशाल म्हणाला, ‘बाबा, ये घर है, ट्रैक नहीं है.’ बाबा म्हणाले, मले माहीत आहे.

भैय्यालालनं नमस्कार केला आणि गेला. मला फार बरं वाटलं. या घरात अजून नियम आहे.

मग आई माझ्याजवळ आली. हात पदराला पुसत होती. म्हणाली, ‘क्षमा, तू फळ्यावर सही करून टाक. फ्लॅप राहू दे. आम्ही हळूहळू जाऊ.’

मी म्हणाले, काम झालं नाही तर सही कशी करू? ती खोटी सही होईल.

‘एक खोटी कर,’ आई म्हणाली.

ज्या आईनं मला शून्याला सुद्धा गोल पूर्ण करायला शिकवलं, तिनं असं म्हणावं. मी ते तिच्याविरुद्ध धरणार नाही. थकली आहे. तिच्या समाधानासाठी खडू हातात घेतला, फळ्यासमोर पाच मिनिटं उभी राहिले आणि परत ठेवला. विशालला चूक कळावी म्हणून भैय्यालालच्या फुल्या मोजल्या. एकही चुकली नव्हती. योगायोग. ओल्या फडक्यानं पुसल्या.

मंगळवार, ५ मार्च

तपासणी झाली. डॉक्टरांनी बाबांना एका यंत्रात डोकं ठेवायला सांगितलं आणि ठिपके दिसले की बटण दाबा म्हणाले. बाबांनी उजव्या बाजूच्या ठिपक्यांना एकदाही बटण दाबलं नाही. मी बाहेरच्या खुर्चीतून पाहत होते. मला वाटलं यंत्र बिघडलंय.

यंत्र ठीक आहे. गाडी चालवणं बंद. दिवसाही. घरी येताना ऑटोत बाबा म्हणाले, हव, अंदाज होताच. जानेवारीत बरं दिसत होतं.

एक गोष्ट चांगली झाली. आता तारखेची घाई नाही, त्यामुळे काम नीट होईल. गाडी विशाल चालवेल. विशालला विचारलं. त्याला पुण्याची नोकरी लागली आहे, सोमवारी जातोय. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

उरले मी. माझ्याकडे लायसन्स आहे. उद्यापासून सराव. सोसायटीच्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये.

रविवार, १० मार्च

सराव सुरू करता आला नाही. गाडी ब्लॉकमध्ये आहे.

रविवार, २४ मार्च

गाडी गेली.

सकाळी लोकेश नावाचा माणूस आला. नया रायपूरला ऑफिसांजवळ त्याला नाश्त्याचं दुकान टाकायचं आहे. बाबांनी गाडी त्याला विकली. मला आठवडाभर आधी सांगितलं होतं म्हणतात. मी तेव्हा पाना शोधत होते बहुतेक.

मी बाबांना म्हणाले की ब्लॉक अजून माझ्याकडे आहे, गाडी हलवता येणार नाही. बाबांनी फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘चालवता येत नाही. ओढून न्यायला मनाई नाही.’ लोकेशनं ट्रॅक्टर आणला होता. टोचन बांधलं. इंजिन सुरू केलंच नाही. बाबा वळणापर्यंत बाजूनं चालत गेले आणि डाव्या हातानं मागे राहा, मागे राहा, असं लोकांना सांगत होते.

आईनं पडदे काढून ठेवले होते. ते धुवायला टाकले.

माझ्या मनात एकच विचार येत होता. मागे फ्लॅप नाही, खडा उडेल. पण ट्रॅक्टर फार हळू जात होता.

रविवार, ३१ मार्च

बसनं नया रायपूरला जाऊन आले. रस्ते रुंद, माणूस नाही. गाडी सापडली. लोकेशनं चारही चाकं काढून ती विटांवर ठेवली आहे. ओट्यावर पोहे, पलंगाच्या जागी फ्रिज. बंपर तोच.

लोकेशनं ओळखलं, पोहे दिले. मी फ्लॅपबद्दल बोलले. तो म्हणाला, ‘दीदी, अब ये कहाँ जाएगी.’ तरी लावलात तर माझं काही जात नाही, असंही म्हणाला. म्हणजे परवानगी आहे.

टेप सोबत होता. वाकून मोजलं. ५८. लोकेशला आत चालायला लावलं, गिऱ्हाइकांना टेकायला लावलं. ५८, ५८, ५८. पहिल्यांदाच पक्कं माप मिळालं.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते रेडिओजवळ बसले होते. म्हणाले, ‘मग सही कधी करतेस?’ आई आत होती. तिनं भांडी घासणं थांबवलं.

नवं रबर, चार लांब बोल्ट, पाना, चार्ज केलेलं ड्रिल, सगळं एका पिशवीत भरून दाराशी ठेवलं आहे. सकाळची पहिली बस. येत्या रविवारी, ७ एप्रिलला.